औषधासाठी अर्ज

१२ जानेवारी १९२४ची रात्र. पुण्याच्या ससून रुग्णालयात एका कैद्यावर शस्त्रक्रिया व्हायची होती. कैदी येरवड्याचा, वय चौपन्न, शिक्षा सहा वर्षांची. गुन्हा राजद्रोहाचा, आणि तोही लेखणीने केलेला: ‘यंग इंडिया’ साप्ताहिकातले लेख. पोटदुखी बळावली तेव्हा कर्नल मॅडॉक या सर्जननी अपेंडिक्सचं निदान केलं आणि कैद्याला तुरुंगातून ससूनला हलवलं. मुंबईतले आपले डॉक्टर, दलाल आणि जीवराज मेहता, यांना बोलवावं अशी कैद्याची इच्छा होती. तसे निरोप धाडलेही गेले, पण ते वेळेत पोचतील अशी चिन्हं नव्हती आणि दुखणं थांबायला तयार नव्हतं. मग पुण्यातच असलेल्या नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्र्यांना रात्री बोलावून घेतलं. त्यांच्या मदतीने संमतीचा कागद तयार झाला आणि कैद्याने थरथरत्या हाताने त्यावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं.

तो कैदी म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना बिनशर्त सोडून दिलं. शिक्षेची चार वर्षं तेव्हा बाकी होती.

ससूनमधली ती शस्त्रक्रियेची खोली आजही स्मारक म्हणून जपलेली आहे. तिथे जाणारा माणूस बहुधा गांधींचा विचार करतो. मला मात्र त्या रात्रीचा क्रम महत्त्वाचा वाटतो. डॉक्टर म्हणाला, हलवा, आणि हलवलं. रोग्याने आपले डॉक्टर मागितले, तर त्यांना निरोप गेले. शरीर रोग्याचं, म्हणून संमतीही त्याचीच घेतली. आणि बरं व्हायला तुरुंग ही जागा नव्हे, हे शेवटी सरकारने कृतीने मान्य केलं. आजारी राजकैद्याचं काय करायचं, या प्रश्नाची बहुतेक सगळी उत्तरं त्या एका महिन्यात येऊन गेली आहेत.

इंग्रज दयाळू होते असा याचा अर्थ कुणी काढू नये. गांधी तुरुंगात दगावले असते तर देश पेटला असता, हे त्यांना ठाऊक होतं. त्याच पुण्यात वीस वर्षांनी काय झालं ते पाहा. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबांचं हृदय थकत चाललं होतं. त्यांना वैद्याचं औषध हवं होतं. परवानगीसाठी पत्रांवर पत्रं गेली आणि दिवस गेले. अखेर वैद्य शिव शर्मा आले, पण रात्री आत राहायची मुभा नाही, म्हणून हा वैद्य फाटकाबाहेर मोटारीत झोपायचा. आत रोगी, बाहेर वैद्य, मध्ये पहारा. २२ फेब्रुवारी १९४४ला कस्तुरबा गेल्या.

मराठी पत्रकारितेला तर तुरुंगातलं दुखणं पाळण्यापासून माहीत आहे. ‘केसरी’ सुरू होऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. आगरकरांना दम्याचा विकार होता. पुढे १८९७च्या राजद्रोहाच्या शिक्षेत टिळकांचं वजन झपाट्याने उतरलं आणि मंडालेच्या सहा वर्षांत मधुमेहाने त्यांना गाठलं. संपादक, तुरुंग आणि आजार हे तिन्ही शब्द आपल्याकडे पहिल्यापासून एकत्रच आलेले आहेत.

आता आजच्या तुरुंगात जाऊ. बाहेर आपल्याला ताप आला की आपण उठून दवाखान्यात जातो. बरॅकीतला माणूस उठून कुठेच जात नाही. आधी त्याचा निरोप जातो. १८९४च्या कारागृह कायद्याच्या ३७व्या कलमात लिहून ठेवलंय की ज्या कैद्याला डॉक्टरला भेटायचं आहे किंवा जो आजारी दिसतो आहे, त्याची खबर पहाऱ्यावरच्या माणसाने विनाविलंब जेलरला द्यायची आणि जेलरने ती डॉक्टरपर्यंत पोचवायची. सव्वाशे वर्षांहून जुना कायदा, पण वाक्य चांगलं आहे. अडचण त्याच्यापुढे सुरू होते. तुरुंगाचा दवाखाना म्हणजे थोडी औषधं, थोड्या खाटा आणि एखादा डॉक्टर. रक्त तपासायचं, सोनोग्राफी करायची, हृदयाचा किंवा मेंदूचा डॉक्टर गाठायचा, तर बाहेरच जावं लागतं: मुंबईत जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल. त्यासाठी तुरुंगाच्या डॉक्टरने ‘बाहेर दाखवा’ असं लिहावं लागतं, अधीक्षकाने मंजुरी द्यावी लागते आणि मग पोलिसांकडून कैदी पार्टी मागवावी लागते. ही पार्टी तुरुंगाची नसते, शहराच्या किंवा जिल्ह्याच्या पोलिसांची असते. गणपती आले, निवडणूक लागली, कुठे सभा असली की माणसं बंदोबस्ताला जातात. मग कैद्याची तपासणी पुढच्या आठवड्यावर जाते. पार्टी आलीच तर ओपीडीची रांग गाठायला उशीर झालेला असतो. डॉक्टर सांगतो, दोन दिवसांनी परत दाखवा. दोन दिवसांनी पार्टी नसते.

हे कल्पनेतलं नाही. मे २०२१मध्ये एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक हनी बाबू यांच्या डोळ्याला तळोजा तुरुंगात संसर्ग झाला. डोळा सुजला, दिसेनासं होऊ लागलं. त्यांच्या कुटुंबीयांनी तेव्हा जाहीर केलं की वाशीच्या सरकारी रुग्णालयात एकदा नेल्यावर दोन दिवसांनी पुन्हा आणायला सांगितलं होतं, पण सोबत न्यायला पोलीस नाहीत म्हणून नेलंच नाही. डोळा धुवायला पुरेसं स्वच्छ पाणीही मिळत नव्हतं, असंही त्यांनी सांगितलं. शेवटी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि त्यांना खासगी रुग्णालयात हलवावं लागलं. डोळ्याच्या संसर्गाला न्यायमूर्तींच्या आदेशाने औषध लागावं, एवढ्यावरून या व्यवस्थेची नाडी कळते.

हिशेबाचा भागही बघून ठेवावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांची क्षमता ४ लाख ३६ हजारांची आणि आत माणसं ५ लाख ७३ हजार. त्यांतला पाऊण हिस्सा कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. आदर्श कारागृह नियमावली म्हणते की ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर असावा. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५’ने काढलेला प्रत्यक्षातला आकडा ७७५ कैद्यांमागे एक असा आहे. आणि डॉक्टर म्हटला तरी कोणत्या शास्त्राचा, हा प्रश्न उरतोच. तळोज्यात तीन आयुर्वेदाचे डॉक्टर आहेत, एकही एमबीबीएस नाही, असं स्टॅन स्वामींच्या बाजूने उच्च न्यायालयात मांडलं गेलं होतं.

स्टॅन स्वामींपाशी थोडं थांबायला हवं.

झारखंडातल्या आदिवासींमध्ये आयुष्य घालवलेल्या या येशूसंघी धर्मगुरूला त्याच एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२०ला रांचीत अटक झाली आणि तळोज्याला आणलं गेलं. वय ८३. पार्किन्सन्सचा आजार. या आजारात हात कापतात हे सगळ्यांना माहीत असतं. गिळायला त्रास होतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेईतो निम्मं पाणी सांडतं, उरलेलं गिळताना ठसका लागतो, कधी ते फुप्फुसाकडे जातं. म्हणून माणूस पाणीच कमी प्यायला लागतो, मग मूत्रसंस्थेचा त्रास, अशक्तपणा, चक्कर, पडणं. नळी आणि झाकणाचा पेला, ज्याला सिपर म्हणतात, ही अशा रोग्याची चैन नव्हे. त्याच्या औषधाचाच तो एक भाग असतो. आणि औषधाचं म्हणाल तर पार्किन्सन्सच्या गोळ्या घड्याळाला बांधलेल्या असतात. मात्रा तासभर चुकली तरी शरीर आखडू शकतं, कूस बदलणंही जड जातं.

६ नोव्हेंबर २०२०ला स्वामींनी विशेष न्यायालयात अर्ज केला की अटकेच्या वेळी आपली नळी आणि सिपर काढून घेतले असतील तर ते परत मिळावेत. राष्ट्रीय तपास यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवस मागितले. वीस दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, यंत्रणेने सांगितलं की आम्ही या वस्तू घेतलेल्याच नाहीत. मग नवा अर्ज. त्यावर तुरुंगाचं म्हणणं मागवलं गेलं आणि पुढची तारीख ४ डिसेंबर पडली. दरम्यान देशभरातून लोकांनी तळोज्याच्या पत्त्यावर सिपर पाठवायला सुरुवात केली. अखेर तुरुंगाने सिपर दिला. वस्तू कुणाकडे होती, हा वाद बाजूला ठेवू. ज्या दिवशी हा माणूस तुरुंगाच्या दारात आला, त्या दिवशी तपासणी करणाऱ्या डॉक्टरने कापणारे हात पाहून ‘याला झाकणाचा पेला द्या’ एवढं लिहिलं असतं, आणि ते लिहिणं शेवटचं मानलं गेलं असतं, तर न्यायालयात जायचं कारणच नव्हतं.

त्याच महिन्यात त्याच तुरुंगात दुसरी गोष्ट घडली. पत्रकार गौतम नवलखा यांचा चष्मा २७ नोव्हेंबरला हरवला. चष्म्याशिवाय त्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. घरच्यांनी नवा चष्मा टपालाने पाठवला, तो तुरुंगाने घेतला नाही, परत पाठवला. ८ डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने यावर तीव्र शब्दांत नापसंती दाखवली. माणुसकी सगळ्यांत मोठी, तुरुंग अधिकाऱ्यांसाठी आता कार्यशाळा घ्यायची वेळ आली आहे, असं न्यायमूर्ती म्हणाले.

२१ मे २०२१ला स्वामी व्हिडिओवरून उच्च न्यायालयापुढे आले. त्यांचं म्हणणं असं होतं की आलो तेव्हा मी स्वतः चालत होतो, स्वतः अंघोळ करत होतो, लिहू शकत होतो, जेवत होतो, एकेक करून सगळं गेलं. जे. जे.ला जायला त्यांनी नकार दिला. त्यापेक्षा इथेच मरण आलेलं बरं, असं ते म्हणाले. जे. जे.च्या अहवालात दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, हातपाय दुर्बळ आहेत, चालायला काठी किंवा चाकाची खुर्ची लागते, असं लिहिलं होतं आणि एकूण प्रकृती स्थिर असल्याचंही लिहिलं होतं.

हा ‘स्थिर’ शब्द तुरुंगाच्या वैद्यकीय अहवालांत फार भेटतो. नाडी, रक्तदाब, प्राणवायू यांचे आकडे त्या दिवशी ठीक असले की प्रकृती स्थिर. पण म्हातारा माणूस एका दिवसात कोसळत नाही, तो उतरत जातो. काल स्वतः अंघोळ करणारा आज दुसऱ्याच्या हाताने जेवतो, ही घसरण कुठल्याच यंत्रावर दिसत नाही. ती बरॅकीतल्या शेजाऱ्याला दिसते. तळोज्यात तेलुगू कवी वरवर राव आणि स्टॅन स्वामी यांना भरवणारे, उचलून नेणारे हात त्यांच्याच सहआरोपींचे होते, अरुण फरेरा आणि व्हर्नन गोन्साल्विस यांचे. कैद्याने कैद्याची शुश्रूषा करायची ही तुरुंगातली जुनीच रीत आहे. तिच्यात माणुसकी आहे, पण सरकारचं कर्तव्य तिच्यावर ढकलून देता येत नाही.

२८ मे रोजी न्यायालयाने स्वामींना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायला सांगितलं. तिथे करोनाचं निदान झालं. ४ जुलैला व्हेंटिलेटर. ५ जुलैला त्यांच्या जामिनावर सुनावणी होती. त्या सुनावणीतच डॉक्टरांनी न्यायालयाला सांगितलं की दुपारी त्यांचं निधन झालं. खटला तेव्हा सुरूही झालेला नव्हता.

वरवर रावांची कथा थोड्याच अंतराने वेगळी झाली. वय ऐंशीच्या घरात. मे २०२०मध्ये ते तुरुंगात बेशुद्ध पडले, जुलैमध्ये करोना झाला, मग जे. जे., सेंट जॉर्ज, नानावटी, पुन्हा तळोजा आणि नोव्हेंबरात पुन्हा नानावटी. त्यांच्या बाजूने न्यायालयात सांगितलं गेलं की लघवीची नळी तीन महिने बदललेली नव्हती. हे वाचून ज्या कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्याच्या अंगावर काटा येईल. २२ फेब्रुवारी २०२१ला न्या. एस. एस. शिंदे आणि न्या. मनीष पितळे यांनी त्यांना सहा महिन्यांचा जामीन दिला. तळोज्यासारख्या ठिकाणी परत पाठवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं, असं त्या निकालाचं सार आहे. १० ऑगस्ट २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने तो जामीन कायम केला. राव वाचले. त्यांच्यापाशी देशातले नामांकित वकील होते आणि उच्च न्यायालयाने वेळेत ऐकलं, म्हणून.

इथे कायद्यातली एक गाठ समजून घ्यायला हवी, कारण सगळी अडचण तिच्यापाशी आहे. आपल्या फौजदारी प्रक्रियेत फार गंभीर गुन्ह्यातही आरोपी स्त्री असेल, आजारी किंवा दुर्बळ असेल, तर न्यायालयाला जामिनाची मोकळीक दिलेली आहे. जुन्या संहितेत हे ४३७वं कलम होतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४८०वं आहे. मनी लाँड्रिंगचा कायदा जामिनाच्या बाबतीत किती कडक, हे रोज वर्तमानपत्रात दिसतं. पण त्याच्याही ४५व्या कलमात आजारी आणि दुर्बळ माणसासाठी एक खिडकी ठेवलेली आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, ज्याला सगळे यूएपीए म्हणतात, २००८ साली ४३-ड हे कलम घातलं गेलं. त्याच्या पाचव्या पोटकलमानुसार आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाही. तिथे आजारासाठी खिडकी नाही. कोट्यवधींच्या अफरातफरीतल्या आजारी आरोपीला कायदा जे देतो, ते लेखाबद्दल, भाषणाबद्दल, पत्राबद्दल यूएपीए लागलेल्या आजारी आरोपीला देत नाही. राहतं ते संविधानाचं २१वं कलम आणि ते लावायची ताकद असलेली उच्च आणि सर्वोच्च न्यायालयं. ‘के. ए. नजीब’ निकालात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संवैधानिक न्यायालयांचा हा अधिकार यूएपीए काढून घेऊ शकत नाही, आणि रावांच्या निकालालाही तोच आधार मिळाला. म्हणजे रस्ता आहे. पण तो गडचिरोलीहून किंवा रांचीहून मुंबई, दिल्लीपर्यंतचा रस्ता आहे, आणि रोग तेवढा वेळ थांबत नाही.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. तुरुंगातून रुग्णालयात जाणं हा पैसेवाल्यांचा आणि गुंडांचा जुना डाव आहे. ज्या ससूनमध्ये कंदिलाच्या उजेडात ती शस्त्रक्रिया झाली, त्याच ससूनच्या कैद्यांच्या वॉर्डातून ऑक्टोबर २०२३मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणातला एक आरोपी पळाला. तो कित्येक महिने तिथे मुक्काम ठोकून होता. अशा प्रत्येक घटनेनंतर तुरुंग अधिकारी आणखी ताठ होतात, आणि त्याचा फटका बसतो तो ज्याला खरंच दुखतंय त्याला. पण नीट बघितलं तर दोन्हीकडे बिघाड एकच आहे. उपचारांचा निर्णय डॉक्टरच्या हातात नाही. एकीकडे तो पैशाने वाकवला जातो, दुसरीकडे भीतीने. राजकीय आरोपाचा शिक्का असलेल्या कैद्याच्या बाबतीत ही भीती जास्त असते. ‘याला बाहेर पाठवलं आणि वरून विचारणा झाली तर?’ हा प्रश्न सही करणाऱ्याच्या मनात असतो. म्हणून तो सही न्यायालयावर सोडतो.

साध्या मच्छरदाणीचीही हीच गत झाली. २०२२ साली तळोज्यातल्या कैद्यांच्या मच्छरदाण्या काढून घेतल्या गेल्या, कारण दोऱ्यांचा गैरवापर होईल. त्याच सुमारास व्हर्नन गोन्साल्विस यांना डेंगी झाला आणि प्रकृती इतकी ढासळली की जे. जे.मध्ये प्राणवायू लावावा लागला. नोव्हेंबरमध्ये एका टोळीच्या म्होरक्याने मेलेले डास भरलेली बाटली मुंबईच्या सत्र न्यायालयात दाखवली. मच्छरदाणी मिळाली नाही, डास घालवायचं मलम वापरा असं सांगण्यात आलं. डास लेखक आणि गुंड असा भेद करत नाही. म्हणून राजकैद्यांसाठी मागितलेली प्रत्येक गोष्ट खरं तर सगळ्या बरॅकीसाठी असते.

बाहेरच्या देशांत हीच कहाणी वेगवेगळ्या भाषांत चालू आहे. पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या सीपीजे या संस्थेने १ डिसेंबर २०२४ला जगभरात ३६१ पत्रकार तुरुंगात असल्याचं मोजलं. इराणच्या पत्रकार आणि नोबेल मानकरी नर्गिस मोहम्मदी यांना २०२३च्या नोव्हेंबरात हृदयाच्या तपासणीसाठी रुग्णालयात नेण्यात आलं नाही, कारण त्या डोक्यावर हिजाब घ्यायला तयार नव्हत्या. औषधाची किंमत म्हणून माणसाची मान वाकवून मागणं, याचं इतकं उघडं उदाहरण दुसरं सापडणार नाही. रशियात विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांनी २०२१ साली आपल्या विश्वासाचा डॉक्टर मिळावा म्हणून तीन आठवड्यांहून अधिक उपोषण केलं. चीनमध्ये लेखक लिऊ शियाओबो यांचा यकृताचा कर्करोग तुरुंगात शेवटच्या टप्प्यावर कळला आणि १३ जुलै २०१७ला ते गेले. आपल्याकडे मल्याळी पत्रकार सिद्दीक कप्पन यांना एप्रिल २०२१मध्ये मथुरेत करोना झाला तेव्हा रुग्णालयाच्या खाटेला साखळीने बांधून ठेवलंय अशी तक्रार त्यांच्या पत्नीने केली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दिल्लीच्या रुग्णालयात हलवायला सांगितलं.

यावर उपाय सापडलेला नाही असं नाही. नॉर्वेने १९८८ साली, फ्रान्सने १९९४ साली आणि इंग्लंडने २००६पर्यंत तुरुंगातली आरोग्यसेवा तुरुंग खात्याकडून काढून सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेकडे दिली. डॉक्टरचा साहेब जेलर नसावा, एवढंच त्यामागचं तत्त्व. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर २०१५ला मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांतही ते स्पष्ट आहे. बाहेरच्या माणसाला मिळते त्याच दर्जाची सेवा आतल्याला मिळाली पाहिजे. वैद्यकीय निर्णय फक्त डॉक्टर घेईल आणि तुरुंगाचे इतर अधिकारी तो फिरवणार नाहीत की बाजूला टाकणार नाहीत. कच्च्या कैद्याला सबळ कारण असेल आणि खर्च झेपत असेल, तर स्वतःचा डॉक्टर बोलावता येईल. आपल्याकडे तुरुंग हा राज्याचा विषय आहे, म्हणजे हा बदल करायला मुंबईच्या विधानभवनाला दिल्लीची वाट बघायची गरज नाही. तुरुंगातले डॉक्टर आरोग्य खात्याच्या पूर्ण हुकमतीखाली आणले, ‘बाहेर दाखवा’ असं डॉक्टरने लिहिलं की ठरावीक तासांत पार्टी देणं पोलिसांवर बंधनकारक केलं, आणि नेलं नाही तर कारण लेखी देऊन ते जिल्हा न्यायाधीशांकडे जाईल अशी सोय केली, तर निम्मे अर्ज न्यायालयापर्यंत येणारच नाहीत. यात पैशाचा प्रश्न थोडा आहे. अधिकार सोडायचा प्रश्न मोठा आहे.

तोवर ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी काही गोष्टी कराव्यात. आजाराचे जुने कागद आणि औषधांची नावं पहिल्याच तारखेला न्यायालयात दाखल करावीत. तुरुंगाला दिलेल्या प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत ठेवावी, तिच्यावर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी. मुलाकातीत काय दिसलं, वजन उतरलंय का, बोलताना दम लागतोय का, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. ‘स्थिर’ या शब्दाला उत्तर द्यायला पुढे हीच वही उपयोगी पडते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

आणि ज्यांच्यासाठी असे अर्ज करणारं बाहेर फारसं कुणी नसतं, त्यांच्यातल्या एकाबद्दल सांगायचं आहे. पण आधी त्याच्या सहआरोपीबद्दल. नागपूर तुरुंगात माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून शिक्षा झालेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा होते. पोलिओमुळे ९० टक्के अपंगत्व, चाकाची खुर्ची, मुक्काम अंडा सेलमध्ये, म्हणजे कडक बंदोबस्ताच्या कोठडीत. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांनी लिहिलं. सुटल्यावर सातच महिन्यांत, १२ ऑक्टोबर २०२४ला, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचं हैदराबादेत निधन झालं, तेव्हा तीही मोठी बातमी झाली. त्याच खटल्यात, त्याच तुरुंगात गडचिरोलीचा एक तरुण आदिवासी जन्मठेप भोगत होता, पांडू नरोटे. ऑगस्ट २०२२मध्ये तो तापाने फणफणला. त्याला नागपूरच्या मेडिकलमध्ये नेलं, तेव्हा फार उशीर झाला होता, असं त्याच्या वकिलांचं म्हणणं होतं. स्वाइन फ्लूने तो गेला. वय तेहेतीस. दोन महिन्यांच्या आत, १४ ऑक्टोबर २०२२ला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या खटल्यातल्या सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि प्रकरण नव्याने ऐकायला परत आलं. ५ मार्च २०२४ला खंडपीठाने पुन्हा तेच सांगितलं: सगळे निर्दोष. पांडू नरोटेला जाऊन तेव्हा दीड वर्ष होऊन गेलं होतं.